टिशियनचा ॲक्टिऑन

न कळत घडलेल्या गोष्टीबद्दल मनुष्यास शासन व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनीं व न्यायशास्त्रकारांनीं फार प्राचीन काळापासून चर्चिला आहे. धर्मशास्त्रकार अशा पातकास प्रायश्चित्त सांगून मोकळे होतात. न्यायाधीश हेतूचा शोध करून शिक्षा कमीअधिक करतो. कवि आणि चित्रकार यांचें मात्र एवढ्यानें भागत नाहीं. त्यांना तो मनुष्यच डोळ्यांपुढें दिसत असतो, आणि एकदां मनुष्य दिसूं लागला म्हणजे त्याचा न्याय करणें पूर्वीइतकें सोपें राहत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या दोन चित्रांविषयीं लिहिणार आहों तीं अशाच एका मनुष्याचीं आहेत. व्हेनिसचा सुप्रसिद्ध चित्रकार टिशियन यानें तीं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठीं काढावयास घेतलीं. त्यांपैकीं एक राजाला मिळालें. दुसरें कधींच मिळालें नाहीं.

कथा थोडक्यांत अशी : थीब्ज नगर वसविणारा जो कॅडमस राजा, त्याच्या मुलीचा मुलगा ॲक्टिऑन. हा तरुण मृगयेचा मोठा षोकी. एके दिवशीं सकाळभर शिकार झाल्यावर, आतां आज पुरे, असें सोबत्यांना सांगून तो ऐन दुपारीं एकटाच रानांत भटकूं लागला. त्याच रानांत गार्गाफी नांवाच्या दरींत एक गुहा होती व तींत थंड पाण्याचा झरा होता. मृगयेची देवता डायाना—ग्रीक लोकांची आर्टेमिस—ही आजन्म कुमारिका. शिकारीनें दमून ती आपल्या सख्यांसह तेथें स्नान करीत होती. पाय नेतील तिकडे जाणारा ॲक्टिऑन नेमका त्या गुहेच्या तोंडाशीं येऊन उभा राहिला. सख्यांनीं किंकाळ्या फोडल्या व देवीभोंवतीं कडें केलें. पण देवी त्या सर्वांहून मस्तकभर उंच, ती काय झांकली जाणार! धनुष्यबाण हाताशीं नव्हते, म्हणून तिनें पाणी उचलून त्याच्या तोंडावर फेंकलें, आणि काय पाहिलेंस तें आतां सांगतां येत असेल तर जाऊन खुशाल सांग, असें त्यास बजावलें. जेथें पाणी पडलें तेथें शिंगें फुटलीं. मान लांबली, कान टोंकदार झाले, हातांचे पाय झाले. तो पळत सुटला, आणि आपण इतके चपळ केव्हां झालों याचें त्याचें त्यालाच नवल वाटलें. पाण्यांत आपलें रूप पाहून तो बोलावयास गेला, तों शब्द फुटेना. मन तेवढें माणसाचें राहिलें होतें. घरीं जावें तर लाज, रानांत राहावें तर भीति, अशा घोटाळ्यांत तो आहे तोंच त्याच्याच कुत्र्यांनीं त्यास हेरलें. ज्या वाटांनीं त्यानें पूर्वीं हरणांचा पाठलाग केला होता त्याच वाटांनीं तो धांवला, आणि शेवटीं कुत्र्यांनीं त्याचे लचके तोडले. सोबती कुत्र्यांना चेतवीत होते, आणि एवढी उत्तम शिकार पाहावयास ॲक्टिऑन नेमका हजर नाहीं म्हणून त्याच्या नांवानें हांका मारीत होते.

रोमन कवि ऑव्हिड याच्या ‘मेटामॉर्फसीस’ या पंधरा सर्गांच्या काव्यांतील तिसऱ्या सर्गांत ही कथा येते. ऑव्हिडला कुत्र्यांच्या नांवांची भारी हौस. ऐन संकटाच्या वेळीं तो तीसांहून अधिक कुत्र्यांची नांवनिशीवार यादी देतो. लहानपणीं ही यादी आम्हांस कंटाळवाणी वाटे. पुढें ध्यानांत आलें, कीं त्या एकेका कुत्र्याला ॲक्टिऑननें स्वतः नांव दिलेलें असणार, आणि त्याला त्या क्षणीं त्यांपैकीं एकाचेंही नांव घेऊन हांक मारतां येत नव्हती. कथेच्या आरंभींच कवीनें आपलें मत देऊन ठेविलें आहे : नीट शोधून पाहाल तर हा दैवाचा दोष आहे, याचा अपराध नव्हे, वाट चुकण्यांत अपराध तो कोणता? आणि शेवटीं तो सांगतो, कीं देवीनें केलें तें प्रमाणाबाहेर क्रूर झालें असें कांहीं जण म्हणाले, कांहींनीं तिच्या कडकडीत व्रताला तें शोभून दिसतें म्हणून वाखाणणी केली, आणि दोन्ही पक्षांना कारणें सांपडलीं.

या ओळी लिहिणाऱ्या कवीवर लवकरच तसाच प्रसंग ओढवला. इ. स. ८ मध्यें ऑगस्टस बादशहानें ऑव्हिडला काळ्या समुद्राच्या कांठावरील टोमिस येथें हद्दपार केलें. तें गांव म्हणजे आजच्या रुमानियांतील कॉन्स्टान्त्सा. ऑव्हिड स्वतः आपल्या पतनाचीं दोन कारणें देतो : एक काव्य आणि एक चूक. काव्य कोणतें तें सर्वांस ठाऊक आहे; चूक कोणती तें त्यानें कधींच उघड केलें नाहीं. इतकेंच सूचित केलें, कीं न पाहावें असें कांहीं तरी आपल्या दृष्टीस पडलें. बादशहास उद्देशून लिहिलेल्या करुण काव्यांत तो ॲक्टिऑनचाच दाखला देतो : त्यानें देवीला पाहिलें तें अजाणतां, तरी तो स्वतःच्या कुत्र्यांचें भक्ष्य झालाच. ज्या मुलखांत ऑव्हिडला टाकलें तेथें लॅटिन समजणारा मनुष्य भेटत नाहीं, अशी त्याची एकसारखी तक्रार आहे. म्हणजे बोलतां येऊनही बोलणें खुंटलें. सुमारें इ. स. १७ मध्यें तो तेथेंच वारला. क्षमा झाली नाहीं.

आमच्या वाचकांस येथें महाभारतांतील पंडुराजाची गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. पंडूनें हरणाचें जोडपें पाहून बाण सोडला. तो मृग म्हणजे मृगरूप धारण केलेला किंदम ऋषि निघाला, आणि त्याच्या शापानें पंडूच्या संसाराची राखरांगोळी झाली. दोन्ही कथांत राजकुळांतील शिकारी आहे, हरिण आहे, अजाणतां झालेली आगळीक आहे आणि तिजविषयीं भयंकर शिक्षा आहे. पण एक मोठा भेद आहे. पंडूला वाद करतां आला. मृगया हा राजांचा धर्म आहे, असें तो ऋषीला सांगतो. आणि ऋषिही मरतां मरतां उत्तर देतो, कीं मृग मारल्याबद्दल माझें म्हणणें नाहीं, तूं वेळ पाहिली नाहींस याबद्दल आहे. निकाल विरुद्ध गेला, तरी आरोपीची बाजू ऐकली गेली. ॲक्टिऑनच्या कथेंत पहिल्याप्रथम काढून घेतली जाते ती वाणी. ही कथा ज्याला भिडली त्याला ती शिंगांमुळें भिडली नसून या मुकेपणामुळें भिडली, असें आमचें मत आहे.

जुन्या ग्रीकांत ही कथा निरनिराळ्या रूपांनीं प्रचलित होती हेंही सांगितलें पाहिजे. कोणी म्हणत, ॲक्टिऑननें आपल्याच मावशीची—सेमेलीची—अभिलाषा धरली. युरिपिडीसच्या नाटकांत तो देवीपेक्षां आपणच मोठे शिकारी म्हणून बढाई मारतो. या रूपांत शिक्षा कडक असली तरी अपराध निदान आहे. स्नानाचा प्रसंग व अजाणतेपण हीं आपणांस पुढें, इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील कवि कॅलिमॅकस याच्या सूक्तांत दिसतात, आणि ऑव्हिडनें त्यांवर आपली इमारत उभारली. प्रवासी पॉसेनिअस तर प्लटीआ नगराजवळील ॲक्टिऑनचा झरा पाहून, देवी वगैरे कांहीं नसून कुत्रीं पिसाळलीं असावींत, असें सांगून मोकळा होतो! प्रत्येक युगांत असा एखादा समंजस गृहस्थ असतोच.

आतां चित्रांकडे वळूं. टिशियनचा जन्म आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं कादोरे प्रांतांत सुमारें १४९० च्या आसपास झाला. व्हेनिस ही त्या वेळीं साऱ्या युरोपची रंगांची पेठ होती. बदकशानच्या खाणींतील लाजवर्दापासून केलेला निळा रंग तेथें विकत मिळे, व रंगांचा धंदा करणारे स्वतंत्र दुकानदार तेथें होते. फ्लॉरेन्सचे चित्रकार रेषेवर जगत, व्हेनिसचे रंगावर, असें जें सामान्यतः म्हणतात त्याचें एक कारण या बाजारांत आहे. पांचवा चार्ल्स बादशहा याच्या पदरीं टिशियननें मोठा मान मिळविला, आणि १५५०-५१ च्या हिवाळ्यांत ऑग्सबर्ग येथें बादशहाचा मुलगा फिलिप याची व त्याची जी भेट झाली तींत एका मोठ्या चित्रमालिकेचा संकल्प ठरला. ऑव्हिडादि कवींच्या कथांवरील या सहा चित्रांना टिशियन आपल्या पत्रांत ‘पोएझीए’, म्हणजे काव्यें, असें म्हणतो. डॅनी, व्हीनस व अडोनिस, पर्सिअस व अँड्रोमिडा, डायाना व ॲक्टिऑन, डायाना व कॅलिस्टो, आणि युरोपाचें हरण हीं तीं सहा होत. अमुक प्रसंग काढ, तो अमुक रीतीनें काढ, असा राजाचा हुकूम मागें नव्हता. एवढी मोकळीक त्या काळीं चित्रकाराला क्वचित् मिळे. पैसे मात्र वेळेवर मिळत नसत. थकलेल्या वेतनाबद्दल टिशियननें राजाला पाठविलेल्या अर्जांची भाषा वाचली म्हणजे कलावंत आणि शिक्षक यांचें दैव सर्वत्र सारखेंच असें वाटूं लागतें.

‘डायाना व ॲक्टिऑन’ आणि ‘डायाना व कॅलिस्टो’ हीं दोन चित्रें जोडीनें काढलेलीं असून तीं १५५६ पासून १५५९ पर्यंत चाललीं होतीं. प्रत्येक चित्र सुमारें सहा फूट उंच व त्याहून थोडें अधिक रुंद आहे. १५५९ च्या शरदांत तीं व्हेनिसहून स्पेनकडे रवाना झालीं. त्याच ऑक्टोबरच्या ८ तारखेस फिलिप राजा व्हॅलाडोलिड येथें धर्मद्रोह्यांना जिवंत जाळण्याच्या समारंभाला जातीनें हजर होता. एकच मनुष्य हीं दोन्ही दृश्यें डोळे उघडे ठेवून पाहूं शकत होता, ही गोष्ट त्या युगाची कल्पना करतांना विसरतां कामा नये.

चित्रांत डावीकडून ॲक्टिऑन आलेला आहे. झाडांत बांधलेल्या दोरीवर एक मोठा तांबडा पडदा सोडलेला आहे, व तो नुकताच बाजूला सरला आहे. ऑव्हिडच्या काव्यांत पडद्याचें नांवही नाहीं, तो टिशियनचा. धनुष्य हातांतून गळून पायांशीं पडलें आहे, कुत्रा शेजारीं आहे, आणि त्या तरुणाचे दोन्ही हात दचकून वर झाले आहेत. मध्यें झऱ्याचें दगडी कुंड, त्याच्याभोंवतीं सख्या. एक खांबाआडून डोकावते, एक ओणवून देवीचा पाय पुसते आहे आणि आलेल्या मनुष्याचा तिला अजून पत्ताही नाहीं. उजव्या टोंकास डायाना. मस्तकावर चंद्रकोर, आणि वस्त्र उचलून तिनें अर्धें तोंड झांकून घेतलें आहे. त्या वस्त्राआडून तिची जी तिरपी नजर ॲक्टिऑनवर लागली आहे तींत लाज थोडी आणि क्रोध फार. तिला वस्त्र धरावयास मदत करणारी एक काळी दासी पट्ट्यापट्ट्यांचें वस्त्र नेसून तिच्यालगत उभी आहे. सर्व स्त्रियांत अंगभर वस्त्र ल्यालेली तीच. देवीच्या पायांशीं एक चिमुकलें कुत्रें ॲक्टिऑनच्या शिकारी कुत्र्यावर भुंकत आहे. अशा भयंकर प्रसंगांत असें घरगुती कुत्रें घालण्याचा धीर दुसऱ्या कोणास झाला असता कीं नाहीं, शंकाच आहे.

चित्रकारानें क्षण कोणता निवडला आहे तो पाहा. पाणी अजून फेंकलेलें नाहीं. शिंगें नाहींत, धांवपळ नाहीं, रक्त नाहीं. ऑव्हिडला ज्या रूपांतराचें एवढें वेड, त्याचा येथें मागमूस नाहीं. मनुष्य अजून मनुष्यच आहे; त्याचें तोंड उघडेल तर शब्दही निघतील. पण मधल्या खांबाच्या माथ्यावर नजर गेली म्हणजे तेथें हरणाची एक कवटी शिंगांसकट ठेवलेली दिसते, आणि वर फांद्यांवर सोललेलीं हरणांचीं कातडीं लोंबत आहेत. शिकारी देवतेच्या घरांत असल्या वस्तू असावयाच्याच, असें प्रथम वाटतें. दुसऱ्यांदा पाहतांना मात्र अंगावर कांटा येतो. आरोपी दारांत पाऊल टाकतो आहे, आणि निकाल अगोदरच खांबावर टांगलेला आहे. ऑव्हिडनें ‘अपराध कोणता?’ असा प्रश्न शब्दांनीं विचारला. टिशियननें त्याचे दोन रिकामे, उघडे पंजे दाखविले, व ती कवटी दाखविली. आमच्या मतें चित्रकार कोणाच्या बाजूचा आहे हें एवढ्यावरून कळतें.

कांहीं टीकाकारांस, विशेषतः अलीकडच्या विदुषींस, हें मान्य नाहीं. त्या म्हणतात, अजाणतेपणाची ही कथा केवळ निमित्त आहे. राजाच्या अंतःपुरांतील दालनांत नग्न स्त्रिया टांगावयाच्या होत्या, त्याला पुराणाचा मुलामा दिला. ॲक्टिऑन न कळत पाहतो हें खरें, पण चित्र पाहणारा राजा तर कळून सवरून, आरामांत बसून पाहतो, आणि त्याला कोणी पाणी फेंकून मारीत नाहीं. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. १५५४ सालीं राजाला लिहिलेल्या पत्रांत टिशियन स्वतःच सांगतो, कीं डॅनी समोरून दिसते, म्हणून व्हीनस पाठमोरी काढली. म्हणजे दालनांत वैचित्र्य येईल. यांत गिऱ्हाईक ओळखणाऱ्या दुकानदाराचा आवाज आहे हें कबूल केलें पाहिजे. १६२६ सालीं माद्रिदला आलेल्या कासियानो दाल पोझो या इटालियन विद्वानानें नमूद करून ठेविलें आहे, कीं राणी त्या दालनांतून जावयाची असली म्हणजे या चित्रांवर पडदे ओढीत. चित्राच्या आंतला पडदा सरकलेला, आणि बाहेरचा ओढलेला! पण हेंही खरें, कीं ज्या चित्रांत पाहण्याबद्दल एका मनुष्याचा जीव जाणार आहे, तें चित्र पाहणारास स्वस्थ बसूं देत नाहीं. डायानाची ती तिरपी नजर थोडी इकडे वळली, तर पुढचा कोण? नुसती करमणूक करावयाची असती तर टिशियनला ही कथा निवडण्याचें कारण नव्हतें.

जोडीच्या चित्राविषयीं दोन शब्द सांगून पुढें जाऊं. कॅलिस्टो ही डायानाचीच सखी. जुपिटरनें खुद्द डायानाचें रूप घेऊन तिला फसविलें. महिने भरत आल्यावर स्नानाच्या वेळीं तें उघडकीस आलें, आणि डायानानें तिला हांकलून दिलें. चित्रांत इतर सख्या तिचें वस्त्र जबरीनें उचलीत आहेत व देवीचें बोट तिच्यावर रोखलेलें आहे. अहल्येची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांना यावर अधिक सांगणें नको. एका चित्रांत चुकून पाहणारा, दुसऱ्यांत फसविली गेलेली. दोघांसही शासन एकाच देवीकडून. आणि दोन्ही चित्रें शेजारीं टांगलीं म्हणजे एकच ओढा एकांतून दुसऱ्यांत वाहत असल्याचा भास होतो.

याच सुमारास, जून १५५९ मधील एका पत्रांत, आपण आणखी दोन काव्यें आरंभिलीं असल्याचें टिशियन राजाला कळवितो : एक युरोपा, आणि दुसरें कुत्र्यांनीं फाडलेला ॲक्टिऑन. युरोपा १५६२ सालीं पुरी होऊन गेली. दुसरें चित्र मात्र म्हाताऱ्याच्या कारखान्यांतच राहिलें, आणि २७ ऑगस्ट १५७६ रोजीं, व्हेनिसमध्यें प्लेगचा कहर चालूं असतां तो वारला, तेव्हांही तें त्याच्याच घरीं होतें असें मानतात. हेंच ‘ॲक्टिऑनचा मृत्यु’. तें पुरें झालें आहे कीं नाहीं यावर आजही एकमत नाहीं.

पहिल्या चित्रांतील तांबडा, निळा, गोऱ्या अंगकांतीचा तो उत्सव येथें मावळला आहे. सारें रान तपकिरी व पिवळट. वादळापूर्वीं पडतो तसा कोंदट उजेड. डावीकडे डायाना केवढी तरी मोठी, अर्धें चित्र व्यापून धांवत येत आहे. उजवीकडे, दूर व लहान, कुत्र्यांच्या गराड्यांत ॲक्टिऑन. ऑव्हिडच्या कथेंत डायाना या वेळीं जवळपासही नाहीं. तिला येथें आणली ती टिशियननें. आणखी एक फेरफार त्यानें केला आहे. ऑव्हिडचा ॲक्टिऑन सर्वांगानें हरिण होतो. टिशियनच्या ॲक्टिऑनचें मस्तक तेवढें हरणाचें, धड मनुष्याचें आहे. बोलणारें तोंड गेलें, आणि दुखणारें शरीर राहिलें. ऑव्हिडनें शंभर ओळींत जें सांगितलें तें येथें एका दृष्टिक्षेपांत कळतें. देवीच्या धनुष्याला दोरी दिसत नाहीं, बाणही दिसत नाहीं. काम अपुरें राहिल्याची ही खूण आहे असें कांहीं म्हणतात. आम्हांस असें वाटतें, कीं हात ताणलेला आहे, नजर लागलेली आहे. इतक्यानें काम भागल्यावर म्हाताऱ्याला दोरी काढण्याची निकड भासली नसावी.

येथें एक चमत्कारिक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. अमेरिकेंत बॉस्टनच्या संग्रहालयांत सुमारें इ. स. पूर्वीं ४७० मधील एक ग्रीक मृत्पात्र आहे. त्यावर आर्टेमिस धनुष्य ताणून ॲक्टिऑनवर बाण सोडीत आहे व तो कुत्र्यांच्या धाडीखालीं मागें कोसळत आहे. हें पात्र टिशियनच्या दृष्टीस पडलें असणें शक्य नाहीं. दोन हजार वर्षांच्या अंतरानें दोघां कलावंतांना, ऑव्हिडला न जुमानतां, देवीला घटनास्थळीं आणावेंसें वाटलें. शिक्षा देणारानें शिक्षा पाहावी, अशी कांहीं तरी मागणी या कथेच्या पोटांतच असली पाहिजे.

या कथेचा अर्थ लावणारांचीही मोठी परंपरा आहे. शिकारीच्या नादानें घरदार फुंकणारा उधळ्या मनुष्य, ज्याला त्याचींच कुत्रीं खातात, असा एक व्यवहारी अर्थ प्राचीन काळापासून सांगत आले. शेक्सपिअरचें ‘ट्वेल्फ्थ नाइट’ ज्यांनीं कॉलेजांत वाचलें असेल त्यांस पहिल्याच प्रवेशांतील ऑर्सिनोचें भाषण स्मरत असेल. तेथें प्रियेला पाहतांच आपण हरिण झालों व आपल्याच वासना कुत्र्यांप्रमाणें मागें लागल्या, अशी कल्पना आहे. सर्वांत उंच भरारी जोर्दानो ब्रूनोची. १५८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तो म्हणतो, कीं ॲक्टिऑन म्हणजे सत्याच्या मागें लागलेली बुद्धि. तिला जेव्हां सत्याचें उघडें दर्शन होतें तेव्हां शिकारीच शिकार होतो, आणि त्याचेच विचार त्यास ग्रासून टाकतात. १६०० सालीं रोममध्यें ब्रूनोला त्याच्या मतांबद्दल जिवंत जाळलें. जाळण्यापूर्वीं त्याच्या जिभेला बंध घातला होता.

चित्रांचें पुढील चरित्रही राजेरजवाड्यांच्या चरित्रासारखेंच आहे. १७०४ सालीं स्पेनच्या पांचव्या फिलिपनें डायानाचीं दोन चित्रें व युरोपा हीं फ्रान्सच्या वकिलास नजर केलीं. त्यानें तीं ऑर्लीन्सच्या ड्यूकास दिलीं. राज्यक्रांतीच्या वेळीं त्या घराण्याचा वारस कर्जांत बुडून आपला संग्रह विकून बसला, आणि १७९३ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. इटालियन चित्रें लंडनास आलीं. १७९८ सालीं ब्रिजवॉटरचा ड्यूक व त्याचे दोन नातलग यांनीं तीं ४३,००० पौंडांस घेतलीं, उत्तमोत्तम स्वतःसाठीं ठेवून घेतलीं, व उरलेलीं विकून आपली रक्कम जवळजवळ वसूल करून घेतली. हा ड्यूक कालवे बांधून व कोळसा वाहून गबर झालेला. व्यवहार त्याला शिकवावा लागत नव्हता. युरोपा १८९६ सालीं इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर या बाईंनीं बॉस्टनला नेली. डॅनी लंडनच्या ॲप्स्ली हाउसमध्यें आहे. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशीं लढलेला जो वेलस्ली, त्याचेंच हें घर. व्हिटोरियाच्या लढाईंत १८१३ सालीं जोसेफ बोनापार्टचें सामान त्याच्या हातीं लागलें त्यांत स्पेनच्या राजघराण्याचीं चित्रें निघालीं, आणि स्पेनच्या राजानें तीं त्यालाच देऊन टाकलीं. लुटीचा माल परत करण्यास निघावें आणि धन्यानें तो आग्रहानें पदरांत घालावा, हें भाग्य सर्वांच्याच वांट्यास येत नाहीं.

डायानाचीं दोन चित्रें ब्रिजवॉटरच्या वारसांकडे राहिलीं व १९४५ पासून एडिंबरोच्या सार्वजनिक संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं. २००८ सालीं मालकानें तीं विकावयाचें ठरविलें. त्याच वर्षीं जगभर पेढ्या कोसळत होत्या, आणि अशा वेळीं एका चित्रासाठीं पांच कोट पौंड उभे करावे काय, यावर ब्रिटनमध्यें कडाक्याचा वाद झाला. अखेर स्कॉटलंडच्या व लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांनीं मिळून २००९ सालीं ॲक्टिऑनचें चित्र पांच कोटींस, व २०१२ सालीं कॅलिस्टोचें साडेचार कोटींस घेतलें. ही रक्कम ऐकून छाती दडपते खरी. आणि त्याच पैशांत किती शाळा झाल्या असत्या हा हिशेब करणारांस आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं. तरी एक फरक पाहावा. ज्या चित्रावर एके काळीं राणीपासून लपविण्यासाठीं पडदा ओढीत, तें आज कोणाही मजुरास फुकट पाहतां येतें.

‘ॲक्टिऑनचा मृत्यु’ हें चित्र १९७१ सालीं लिलांवांत गेलें, अमेरिकेस जाण्याच्या बेतांत होतें, आणि सरकारनें परवाना अडवून धरल्यामुळें १९७२ सालीं सतरा लाख त्रेसष्ट हजार पौंडांस लंडनच्या नॅशनल गॅलरीनें राखलें. सहाही काव्यें पुन्हां एकत्र आणण्याचा योग २०२० च्या मार्चमध्यें लंडनला आला. परंतु दारें उघडल्यावर तीनच दिवसांत साथीमुळें तीं बंद करावीं लागलीं. पुढें उन्हाळ्यांत तीं पुन्हां उघडलीं, आणि २०२१ सालीं माद्रिद व बॉस्टन येथेंही तीं चित्रें एकत्र दिसलीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें विलायतेंत आहेत, त्यांस या चित्रांचें दर्शन दुर्लभ नाहीं. डायानाचीं दोन चित्रें लंडन व एडिंबरो यांच्यामध्यें आळीपाळीनें जात येत असतात, तेव्हां तीं कोठें आहेत याची आगाऊ चौकशी करावी. ‘मृत्यु’ मात्र लंडनचेंच आहे. १५६६ सालीं टिशियनला भेटलेला व्हासारी सांगतो, कीं त्याचीं उतारवयांतलीं चित्रें जवळून पाहिलीं तर नुसते रंगाचे ठिपके, दुरून पाहिलीं तर पूर्ण. आणि शेवटीं शेवटीं तो कुंचल्यापेक्षां बोटांनींच अधिक रंगवी, असें त्याच्या एका शिष्याचें सांगणें आहे. म्हणून प्रथम दालनाच्या पलीकडच्या भिंतीशीं उभें राहून पाहावें आणि मग हळूहळू जवळ जावें. कुत्र्यांच्या गर्दींत ॲक्टिऑनचा मनुष्याचा हात शोधावा लागतो. तो सांपडण्यास थोडा वेळ लागतो.